साक्षीदाराने घरी कसं जायचं

४ फेब्रुवारी

नेमणूक झाली. जागतिक न्यायालयाची घटना लिहिण्यासाठी जी परिषद भरणार आहे, तिच्या मसुदा समितीचा चिटणीस म्हणून माझं नाव पक्कं झालं. इतकी वर्षं कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला आणि इतकी वर्षं शेवटच्या बाकावरची मुलं माझ्या तासाला गाढ झोपली. त्यांना दोष देत नाही. ज्या कायद्याच्या पाठीशी ना पोलीस ना तुरुंग, तो ऐकताना डोळा लागायचाच. पण आता युद्ध संपलंय, सगळ्यांचीच हाडं खिळखिळी झाली आहेत, आणि देशालाही जाब विचारता येईल असं एखादं दार हवं, असं पहिल्यांदाच सगळे म्हणताहेत. ते दार केवढं असेल, त्याची कडी आतून असेल की बाहेरून, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. मला तर लहान मुलासारखी उत्सुकता लागली आहे.

गंमत म्हणजे परिषद भरणार कुठे, तर नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात! एवढं मोठं छप्पर शहरात तेवढंच शाबूत राहिलंय, आणि तिथला बॉयलरही चालतो. वहिनी पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहेत. तलाव त्यांनीच रिकामा करून दिला.

"भावोजी, अध्यक्षांची खुर्ची कुठे ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"खोल बाजूला. तिथे आवाज छान घुमतो."

"मग कोपऱ्यात नका ठेवू. तिथली झडप अजून गळते."

घरात आम्ही तिघं. मी, वहिनी आणि पुतणी. पुतणी सोळा वर्षांची आहे आणि तिच्या जिभेला हाड नाही. माझा थोरला भाऊ, दादा, सैन्यात डॉक्टर होता. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आपलं सैन्य माघारी फिरलं, तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. सरकारने "बेपत्ता" एवढंच कळवलं. नदीकाठ सोडताना बॉम्बहल्ला झाला होता, त्यात गेला असेल, असं मी मनाशी धरून चाललोय. वहिनी त्याबद्दल बोलत नाहीत. मीही विषय काढत नाही.

११ फेब्रुवारी

शहरात हॉटेलं उरलेली नाहीत, म्हणून परिषदेच्या पाहुण्यांना घराघरांत उतरवताहेत. आमच्या वाट्याला नेमका नदीपलीकडचा माणूस आला. म्हणजे कालपरवापर्यंतचा शत्रू. वहिनींना सांगायला मला धीरच होईना.

"नको असेल तर मी नाही म्हणून येतो," मी म्हटलं.

त्या भांडी विसळत होत्या. "करतो काय तो?"

"वकील आहे. त्यांचे जे कैदी घरी परतले नाहीत, त्यांचा शोध घेणाऱ्या खात्यात होता म्हणे."

नळ तसाच वाहत राहिला. एरवी पाण्याचा थेंब वाया गेला तर वहिनी घर डोक्यावर घेतात. मग नळ बंद करून त्या म्हणाल्या, "येऊ दे. ह्यांच्या खोलीत ठेवू."

दादाच्या खोलीत! तिथल्या खुर्चीवर त्या मलाही बसू देत नाहीत. माणसाचं मन किती मोठं असावं याचा मी जेवताना विचार करत होतो.

१५ फेब्रुवारी

पाहुणे आले. उंच, वाकलेले, कोटाची बाही उसवलेली. युद्धाआधी आमच्याच कॉलेजात शिकायला होते, त्यामुळे आपली भाषा येते, पण सगळी पुस्तकातली. दारात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, "आपल्या आतिथ्याने मी अत्यंत उपकृत झालो आहे." पुतणी फस्सकन हसली आणि आत पळाली.

समितीत त्यांची ख्याती वेगळीच आहे. प्रत्येक वाक्यात त्यांना एक स्वल्पविराम कमी दिसतो. आज पहिल्या कलमावर सकाळ गेली ती एका स्वल्पविरामापायी. घरी येऊन हे सांगितलं आणि चूक केली. पुतणीने त्यांचं नावच "स्वल्पविराम" ठेवलं. आता दार वाजलं की ओरडते, "आई, स्वल्पविराम आले!" बिचाऱ्यांना ऐकू गेलंच असणार. जेवताना म्हणाले, "पूर्णविराम म्हणण्यापेक्षा बरे."

वहिनी त्यांच्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. पण ताटात बटाटे वाढले, ते माझ्याइतकेच.

२३ फेब्रुवारी

आज समितीत मुख्य प्रश्न निघाला: या न्यायालयात यायचं कुणी? युद्धातल्या तक्रारी न्यायालय ऐकणार, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण तक्रार आणायची कुणी? मोठे देश म्हणतात, फक्त देशांनी. छोटे देश म्हणतात, माणसांनाही येऊ द्या. अध्यक्षबाई कुठल्याशा लांबच्या देशात न्यायाधीश होत्या. फार वयस्कर आहेत, आणि समोरची पितळी घंटा त्या अशी वाजवतात की तलावाच्या फरश्या थरथरतात. घंटेला दाद न देता तीन तास वाद चालला. शेवटी ठरलं, फक्त देश. माणसाचं गाऱ्हाणं असेल तर त्याच्या देशाने ते मांडावं.

मी घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. मला सांगायला आवडतं, आणि या घरात ऐकणारी माणसं आहेत.

"म्हणजे माणसाला आत पाऊलच टाकता येणार नाही?" पुतणी म्हणाली. "मग हे राजेलोकांचंच न्यायालय झालं की."

"तसं नाही गं. देश म्हणजे शेवटी माणसंच."

वहिनींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आणि गाऱ्हाणं आपल्याच देशाबद्दल असेल तर?"

"तर कठीण आहे. आपलाच देश आपल्याविरुद्ध कशाला जाईल?"

"दुसरा देश जाईल?"

"त्याचं काही नुकसान झालं असेल तर जाईल. म्हणजे समजा, त्याची माणसं मेली असतील."

पाहुण्यांनी मान वर करून वहिनींकडे पाहिलं. वहिनी ताटं उचलून आत गेल्या. पाण्याच्या पंपांत बुडालेल्या बाईला कायद्यात एवढा रस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. विद्यार्थ्यांत असा एक जरी निघाला असता!

१ मार्च

आज जेवताना पुतणीने पाहुण्यांना सरळच विचारलं, "तुम्ही युद्धात काय केलंत?"

मी डोळे वटारले. त्यांनी मात्र शांतपणे सांगितलं. त्यांच्या देशाचे कितीतरी कैदी इकडे होते. बरेच परतले. पण नदीच्या अलीकडे एका वीटभट्टीत आजारी कैद्यांचं इस्पितळ होतं, तिथलं कुणीच आलं नाही. ना माणसं, ना मयतांची नावं. "त्यांच्या माता दर सप्ताहात माझ्या कार्यालयात येत," ते म्हणाले. "मी त्यांना आसन देई. अधिक काही देण्यासारखे माझ्यापाशी नव्हते."

या वेळी त्यांच्या पुस्तकी भाषेला कुणी हसलं नाही. वहिनींच्या हातातला चमचा ताटात पडला. जेवताना असलं बोलणं त्यांना सोसत नसणार. मी पटकन हवेचा विषय काढला.

६ मार्च

लिहू की नको असं झालंय. पण रोजनिशीशी खोटं बोलायचं तर ती लिहायची कशाला?

दुपारी लवकर सुटलो. तलावामागच्या पंपघराजवळ वहिनी आणि पाहुणे उभे होते. वहिनी बोलत होत्या, ते मान खाली घालून ऐकत होते. मला पाहताच दोघं गप्प झाले. वहिनी म्हणाल्या, "यांना पंप बघायचा होता."

पंप! ज्या माणसाला घरातल्या नळाची चावी कुठल्या बाजूला फिरवायची ते कळत नाही, त्याला पंप बघायचा होता.

वहिनी चाळिशीच्या आहेत. दादा परत यायचा नाही, हे त्याही जाणतात. त्यांनी पुन्हा संसार मांडायचा म्हटला तर आडवा येणारा मी कोण? पण नदीपलीकडचाच माणूस मिळावा? मग वाटलं, दोन शत्रूदेशांत सोयरीक होणं म्हणजे आमच्या परिषदेपेक्षा मोठं काम. तरी दादाच्या खोलीवरून जाताना आज मी दुसरीकडे पाहिलं.

९ मार्च

आज सुट्टी. वहिनी कपडे वाळत घालत होत्या, मी चिमटे देत होतो. एकदम म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या न्यायालयात साक्षीदार असतील ना?"

"असणारच. साक्षीदारांशिवाय खटला कसला?"

"समजा, एखाद्या बाईने आपल्याच देशाविरुद्ध साक्ष दिली. संध्याकाळी ती झोपायला कुठे जाईल?"

मी चिमटा हातात धरून उभाच राहिलो. काय प्रश्न आहे! न्यायाधीश कसे नेमायचे, निकाल किती मतांनी द्यायचा, खर्च कुणी करायचा, सगळं आम्ही लिहिलंय. पण साक्ष देऊन झाल्यावर ती बाई आपल्याच देशात, आपल्याच घरी परत जाते, आणि तिथले पोलीस, तिथली नोकरी, तिथले शेजारी तिची वाटच बघत असतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दार बांधलं आणि जिना विसरलो.

दुपारभर बसून कलम लिहिलं: "या न्यायालयापुढे दिलेल्या साक्षीबद्दल कोणत्याही राज्याने आपल्या नागरिकास शिक्षा करू नये, नोकरीवरून काढू नये, अथवा घरी परतण्यास मनाई करू नये." वहिनींना वाचून दाखवलं.

"आणि साक्ष द्यायच्या आधी?" त्या म्हणाल्या. "साक्ष देणार असं कळल्यावर?"

तेही घातलं. मोठ्या समाधानात आहे.

१४ मार्च

कलम मांडलं. आधी लोक हसले, मग भांडले, मग विचारात पडले. पाहुणे तर इतक्या तावातावाने माझ्या बाजूने बोलले की त्यांना एकही स्वल्पविराम आठवला नाही. मतदान पुढच्या पंधरवड्यात.

जेवणाच्या सुट्टीत आपल्या परराष्ट्र खात्याच्या सचिवसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. फार गोड बोलणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, कलम भलतंच हुशार आहे. सुचलं कसं?"

श्रेय चोरण्याची मला सवय नाही. "खरं सांगू? माझ्या वहिनींनी सुचवलं."

"असं? म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या पत्नी?"

"तुम्हाला आठवतात दादा?"

"आठवतात ना," ते म्हणाले. "आणि तो पलीकडचा वकील तुमच्याकडेच उतरलाय, नाही का?"

इतक्या मोठ्या माणसाने आमच्या घराची एवढी बारीक माहिती ठेवावी, मला बरं वाटलं. वहिनींना सांगायला घरी गेलो, तर त्यांना यायला उशीर झाला. राहून गेलं.

१७ मार्च

आनंदाची बातमी! वहिनींना बढती. डोंगरातल्या मोठ्या धरणावर मुख्य अभियंता. आठवड्याच्या आत रुजू व्हायचा हुकूम आहे. तिथे टेलिफोन नाही आणि बर्फ वितळेपर्यंत खाली यायला रस्ता नाही, एवढीच काय ती गैरसोय. मी पेढे वाटायच्या थाटात म्हटलं, "वहिनी, तुमच्या कामाचं चीज झालं!"

त्यांनी हुकूम घडी करून टेबलावर ठेवला. "भावोजी, माझ्याबद्दल कुणाशी बोललात?"

"मी? कुणाशीच नाही. म्हणजे सचिवसाहेबांनी विचारलं तेव्हा कलमाचं श्रेय तुम्हाला दिलं, तेवढंच."

पुतणी माझ्याकडे बघतच राहिली. "काका, तू पण ना!" एवढंच म्हणून ती उठून गेली. वहिनी म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर पंपघरात या. तिथे आवाज फार असतो. बोलता येईल."

आवाज असतो म्हणून बोलता येईल? मला काही कळलं नाही.

१८ मार्च

आता कळलं.

पंपघरात चारही पंप सुरू होते. माझ्या कानाशी तोंड आणून वहिनींनी सांगितलं.

त्या वीटभट्टीतल्या इस्पितळाचा डॉक्टर दादाच होता. आजारी कैद्यांना तोच पाहायचा. माघार घ्यायची ठरली तेव्हा वरून हुकूम आला की मागे कुणाला ठेवायचं नाही. जे चालू शकत नाहीत त्यांचं काय, असं दादाने विचारलं. मागे कुणाला ठेवायचं नाही, तेच उत्तर पुन्हा आलं. तेव्हा त्याला अर्थ कळला. त्या संध्याकाळी तो अचानक घरी आला. मी दुसऱ्या गावी व्याख्यानाला गेलो होतो. तो जेवला, वहिनींना सगळं सांगितलं. हुकूम कोणी दिला तेही सांगितलं. वहिनींनी विनवलं, आता परत जाऊ नका. तो म्हणाला, "मी तिथे नसलो तर त्यांना अडवणारं कोणीच नाही." आणि गेला.

त्यानंतर "बेपत्ता".

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलोच. पंपांच्या आवाजात ओरडणंही कुजबुजीसारखं ऐकू येत होतं.

"तुम्ही कुणाला तरी सांगितलं असतं, भावोजी. वाईट हेतूने नाही. तुम्हाला सांगायला आवडतं."

चार दिवसांपूर्वीच मी ते करून बसलो होतो.

पाहुण्यांना त्यांनी सगळं सांगितलं होतं. तो पंप बघण्याचा दिवस तोच. पाहुण्यांचा देश खटला आणणार, वहिनी साक्ष देणार. फक्त कलम मंजूर व्हायला हवं. आणि मी काय काय कल्पना करत बसलो होतो! हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. या घरात मी न सांगितलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

१९ मार्च

वहिनींनी बिनपगारी रजा टाकली. धरणावर जात नाहीत. समोरच्या पदपथावर काल दुपारपासून एक माणूस वर्तमानपत्र वाचतोय. पुतणी म्हणते, पान एकदाही उलटलेलं नाही.

२४ मार्च

सचिवसाहेबांनी कचेरीत बोलावलं. कॉफी मागवली. नव्या न्यायालयाला प्रबंधक लागणार आहे, तुमच्याइतका लायक माणूस कोण, वगैरे. मग म्हणाले, "ते साक्षीदाराचं कलम जरा घाईत लिहिलं गेलं, नाही? मतदानाआधी तुम्हीच उठून सांगा की नजरचुकीने मसुद्यात आलं. लेखकानेच मागे घेतलं तर कुणाचा अपमान होत नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"अहो, मी कुठे काय म्हटलं? वहिनींची काळजी घ्या. डोंगरात हवा चांगली असते."

कॉफी मी तशीच ठेवली. घरी येताना वाटलं, मी शूर माणूस नाही. लहानपणी अंधाऱ्या खोलीतून काही आणायचं असलं की दादाच पुढे जायचा. आता पुढे जायला कोणी नाही, आणि मला खरोखरच ठाऊक नाही की परवा उभा राहिल्यावर माझ्या तोंडून काय निघेल. स्वतःबद्दल इतकं कुतूहल मला कधी वाटलं नव्हतं.

२६ मार्च

मतदान झालं.

सचिवसाहेबांनीच सुरुवात केली. "हे कलम मसुद्यात चुकून आलं असावं, असा आमचा समज आहे. चिटणीस खुलासा करतील." अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. सगळे तलावाच्या तळाशी बसलेले, आणि वर काठावर प्रेक्षकांत वहिनी. त्यांच्या शेजारी पुतणी, नखं खात.

"कलम चुकून आलेलं नाही," मी म्हटलं. "चुकून राहून गेलं होतं. आपण इतके दिवस इथे बसून न्यायाधीशांच्या खुर्च्यांची उंचीसुद्धा ठरवली. पण साक्षीदाराने घरी कसं जायचं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला ते माझ्या घरात विचारलं गेलं." एवढ्यावर बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव! "आणि हे कलम मांडल्यावर तिसऱ्या दिवशी, ज्या व्यक्तीने तो प्रश्न विचारला तिची बदली टेलिफोन नसलेल्या डोंगरात झाली. तेव्हा माझी दुरुस्ती आहे. 'नोकरीवरून काढू नये' यापुढे 'बदली करू नये' असे शब्द घालावेत."

मग कुठूनतरी हसू फुटलं आणि ते पसरत गेलं. पण ते थट्टेचं नव्हतं. पाहुणे उठले. "दुरुस्तीस माझे अनुमोदन आहे. केवळ 'बदली' या शब्दाआधी स्वल्पविराम असावा."

हात वर झाले. मला वाटलं होतं, काठावर पास होईल. पण जे देश महिनाभर तोंड मिटून बसले होते, त्यांचेही हात वर होते. एका म्हाताऱ्या प्रतिनिधीने तर दोन्ही हात वर केले आणि अध्यक्षबाईंना घंटा वाजवून त्यांना एक खाली घ्यायला लावावं लागलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या तलावात बसलेल्या बहुतेकांच्या घरी कुणीतरी काहीतरी गिळून बसलं असणार.

सचिवसाहेब माझ्याजवळून गेले. प्रबंधकाची खुर्ची गेली, हे कळायला ज्योतिषी नको.

१० एप्रिल

वहिनींची बदली "प्रशासकीय कारणांमुळे" रद्द. कॉलेजने मात्र मला कळवलं आहे की यंदा माझ्या विषयाला विद्यार्थी नाहीत. पूर्वी झोपायला तरी होते.

पाहुणे आज परत गेले. निघताना पुतणीने विचारलं, "खटला जिंकाल का?" ते म्हणाले, "ठाऊक नाही." साधे दोन शब्द. आपली भाषा त्यांना बोलायला येऊ लागली म्हणायची.

३ ऑक्टोबर

मधल्या महिन्यांत लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. लिहिलं नाही, कारण रोजनिशी कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नव्हता. न्यायालय स्थापन झालं, जुन्या जकात कचेरीत बसू लागलं, आणि पहिलाच खटला नदीपलीकडच्या देशाने आपल्या देशाविरुद्ध आणला. अध्यक्षबाई आता मुख्य न्यायाधीश आहेत. घंटा तीच.

आज वहिनींची साक्ष झाली. मी प्रेक्षकांत. पुतणीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून ठणकतोय.

वहिनी कामावर जायच्या कोटातच आल्या होत्या. दादा काय म्हणाला, हुकूम कोणी दिला, सगळं त्यांनी एका लयीत सांगितलं. मग आपल्या सरकारचे वकील उठले.

"हा शत्रूपक्षाचा वकील तुमच्या घरी राहत होता?"

"हो."

"तुमच्या पतीच्या खोलीत?"

"हो."

"कुणाच्या परवानगीने?"

"सरकारच्या. सरकारनेच पाठवला होता."

हशा. घंटा. वकिलांचा चेहरा लाल झाला. "आपल्या देशाचं नाव जगापुढे खराब होतंय, याची तुम्हाला काही खंत?"

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "माझे यजमान याच देशाचे डॉक्टर होते. त्यांनी जे केलं तेही या देशानेच केलं. मी दोन्ही सांगायला आले."

बाहेर पडताना कुणीतरी ओरडलं, "फितूर!" तेवढ्यात एक अनोळखी बाई गर्दीतून पुढे आल्या आणि वहिनींच्या बाजूने चालू लागल्या, काही न बोलता, थेट आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. वळणावर मान हलवून निघून गेल्या.

५ ऑक्टोबर

आज पाहुण्यांनी एक साक्षीदार उभा केला, ज्याच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. पलीकडचा एक तरुण सुतार, काठीचा आधार घेऊन चालणारा. त्या वीटभट्टीतून वाचलेला एकटा. इतके दिवस घाबरून आपल्या बहिणीच्या गावी लपून होता. वहिनींनी साक्ष दिल्याचं ऐकून काल पुढे आला.

त्याने सांगितलं: पहाटे सगळ्यांना बाहेर काढलं. चालता न येणाऱ्यांना इतरांनी उचललं. डॉक्टर अधिकाऱ्याशी भांडत होते. अधिकारी म्हणाला, तुम्ही बाजूला व्हा, तुम्ही आमचे आहात. डॉक्टर बाजूला झाले नाहीत. एका आजाऱ्याला खांद्याचा आधार देत रांगेतून चालत राहिले, मातीच्या खाणीपर्यंत. गोळ्या सुटल्या तेव्हा हा सुतार दुसऱ्या कुणाच्या तरी खाली पडला, म्हणून वाचला. डॉक्टर वाचले नाहीत.

पुतणी रडली नाही. ती पुढे वाकून ऐकत होती, जणू एक शब्द सांडला तर पुन्हा मिळणार नव्हता.

सुतार खाली उतरणार, तोच वहिनी उभ्या राहिल्या. "मला यांना एक प्रश्न विचारायचा आहे."

आपल्या सरकारचे वकील ताडकन उठले. साक्षीदाराने साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची नियमांत सोय नाही. खरं आहे, नाही. नियम मीच लिहिलेत. मुख्य न्यायाधीशबाईंनी पुस्तक चाळलं, चष्मा काढला. "सोय नाही," त्या म्हणाल्या. "मनाईही दिसत नाही. विचारा."

वहिनींनी विचारलं, "चालताना ते काही बोलत होते का?"

सुताराने दुभाष्याकडे न पाहता उत्तर दिलं. त्या इस्पितळात तो आपली भाषा थोडी शिकला होता. दादाकडूनच शिकला असणार.

"बोलत होते. सारखे. 'नाकाने श्वास घ्या, थंडी आहे.' सगळ्यांना तेच. 'नाकाने घ्या, नाकाने.'"

वहिनी हसल्या. हो, हसल्या. दादा तसाच होता. मग त्या बसल्या आणि कोटाची वरची गुंडी लावत राहिल्या. ती आधीच लावलेली होती.

१९ ऑक्टोबर

निकालाला अजून काही महिने लागतील. काय लागेल, सांगता येत नाही. सरकार मानेल का, तेही नाही. पूर्वी यावर मी तासभर बोललो असतो.

मातीच्या खाणीत खोदायला दोन्ही देशांची माणसं गेली आहेत. वहिनी तिथे साठलेलं पाणी उपसायच्या कामावर आहेत. स्वतः मागून घेतलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे. त्या म्हणाल्या, "भावोजी, तिथला उतार मला समजतो."

आज सकाळी घरी मी एकटाच होतो. दार वाजलं. मध्यम वयाची एक बाई, ओला रुमाल मुठीत, दारातून आत यायला कचरत होती. नीट पाहिलं तेव्हा ओळखलं, त्या दिवशी वहिनींच्या बाजूने चालत आलेल्या त्याच.

"ते न्यायालयवाले तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "तिथे माणसाला जाता येतं का?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. कोणतं कलम, कोणती अट, कोणता अपवाद, सगळं. तोंड उघडलं आणि मिटलं.

"आधी बसा," मी म्हटलं. "तुम्ही काय पाहिलंत?"

त्या बोलू लागल्या. मध्ये चहा गार झाला, मी दुसरा केला, तोही झाला. मी काही समजावलं नाही, एकदाही अडवलं नाही. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे. कुठे सांगायचं, ते त्या ठरवतील.